बटणं मोजकी, कामं शंभर: छोट्या कॅमेऱ्याची मांडामांड

मांजर कठड्यावर बसलं होतं. मागून उन्हाची तिरीप येत होती, त्यामुळे कानांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र मांजराच्या जागी नुसता काळा गोळा. काय करायला हवं ते मला ठाऊक होतं: एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वर न्यायचं. ते कुठे आहे तेही ठाऊक होतं: मेनू, कॅमेऱ्याचं चिन्ह, तिसरं पान, खालून दुसरी ओळ. पडद्यात डोकं खुपसून मी त्या ओळीपर्यंत पोचले, आकडा बदलला आणि मान वर केली. कठडा रिकामा.

असे फोटो हुकले की बरेच दिवस मी स्वतःच्या संथपणाला बोल लावत असे. मग एकदा लक्षात आलं की रोज लागणारी कात्री मी माळ्यावरच्या पेटीत ठेवली आहे आणि दर वेळी शिडी चढताना धाप लागते म्हणून कुरकुरते आहे. कात्री खाली आणून ठेवायची सोय जवळपास प्रत्येक बऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात असते. मेनूत तिचं नाव ‘कस्टम की’, ‘एफएन बटण’, ‘युजर सेटिंग’ असं काहीतरी असतं. बहुतेक जण त्या पानावर जातात, पन्नास पर्याय बघतात आणि गुपचूप परत फिरतात. त्या पन्नासांतून निवड कशी करायची, ते या लेखात सांगते.

हाताला किती जागा आहे ते आधी बघा

मोठ्या कॅमेऱ्यावर दोन चक्रं, डझनभर बटणं आणि ती ओळखता यावीत म्हणून त्यांना वेगवेगळे उंचवटे असतात. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची अख्खी पाठ पडद्यानं खाल्लेली असते. उरलेल्या दोन बोटांच्या पट्टीत चार दिशांचं एक चक्र, मेनू, फोटो बघायचं बटण, खोडायचं बटण आणि व्हिडिओचं लाल बटण दाटीवाटीनं बसवलेलं असतं. ही अडचण कॅमेरे बनवणाऱ्यांनाही कळत होतीच. २००९ मध्ये कॅननच्या एस९० ला लेन्सभोवती फिरणारी कडी मिळाली आणि तिला काय काम द्यायचं ते वापरणाऱ्यावर सोडलं गेलं. २०१२ मध्ये आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० वरही तशीच कडी होती. आज या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर ती दिसते.

आता एक छोटी तपासणी. कॅमेरा फोटो काढताना धरतो तसा धरा, तर्जनी शटरवर ठेवा. पकड जराही न हलवता कोणत्या बोटाला काय लागतं ते चाचपून बघा. माझ्या कॅमेऱ्यावर उत्तर असं आलं: डाव्या हाताच्या बोटांना लेन्सची कडी, उजव्या अंगठ्याला मागचं चक्र, आणि अंगठा किंचित सरकवला तर एक बटण. झालं. मेनूत भले नऊ बटणं बदलता येत असतील, खऱ्या अर्थानं हाताखालची जागा तीनच. बाकीच्या सहांसाठी पकड सोडावी लागते, आणि पकड सोडली की नजरही खाली जाते.

टेबल, खण आणि माळा

म्हणून सगळ्या सेटिंग्जची तीन ढिगांत वाटणी करायची. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत बदलतात त्या टेबलावर, म्हणजे त्या तीन हाताखालच्या जागांवर. जागा बदलली, उजेड बदलला, समोरचा विषय बदलला की ज्या बदलतात त्या खणात. खण म्हणजे एफएन बटण दाबल्यावर पडद्यावर उघडणारा झटपट मेनू. आणि वर्षातून एकदा बदलतात त्या माळ्यावर, मोठ्या मेनूत. तिथे त्या एकदा लावायच्या आणि विसरायच्या.

कोणती सेटिंग कोणत्या ढिगात ते मात्र अंदाजानं ठरवू नका. मी ठरवलं होतं आणि तोंडघशी पडले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग सावरणारी सेटिंग, मला फार लागतो अशी माझी समजूत होती, म्हणून त्याला अंगठ्याजवळचं मानाचं बटण दिलं. पुढे दोन आठवडे खिशात कागद ठेवला आणि जेव्हा जेव्हा मेनूत शिरले तेव्हा तेव्हा त्या सेटिंगच्या नावापुढे एक काठी मारली. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनपुढे, म्हणजे मांजराच्या वेळी शोधलेल्या त्या ओळीपुढे, काठ्यांच्या पाच-पाचच्या जुड्या लागल्या. त्याच्या मागोमाग फोकसची जागा. आयएसओ अधूनमधून. व्हाइट बॅलन्सपुढे दोन काठ्या, त्यातलीही एक चुकून. तुमचा कागद वेगळा निघेल, पण तो निघेपर्यंत कारखान्यातून आलेली मांडणी तशीच राहू द्या.

कॅमेरा नेमकं काय मोजतो

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन इतकं का लागतं हे कळायला थोडं मागे जावं लागेल. फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टी ठरवतात. शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर प्रकाश किती वेळ पडतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती मोठं आहे. आयएसओ म्हणजे जमलेल्या प्रकाशाची नोंद किती वाढवून घ्यायची. तिन्हींची भाषा एकच, स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलात की प्रकाश निम्मा. आयएसओ ४०० वरून ८०० म्हणजे नोंद दुप्पट. अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे तिरपागडे: १.४, २, २.८, ४, ५.६, ८. इथे आकडा वाढला की भोक लहान होतं, आणि आकडा दर पायरीला सुमारे १.४ पटीनं वाढतो, कारण भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायला व्यास १.४ नं भागावा लागतो. १.४ चा वर्ग म्हणजे जवळपास दोन, एवढंच त्यातलं गणित.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून येणारा प्रकाश मोजतो आणि या तिघांचा मेळ घालतो. पण तो प्रकाश पांढऱ्या भिंतीवरून आला की काळ्या कापडावरून, हे त्याला नीटसं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरीनं मधल्या करड्या छटेचं असणार असं धरून तो चालतो. फोटोग्राफीत वापरलं जाणारं ग्रे कार्ड पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फेकतं. ती साधारण ही छटा. घरातल्या घरात करून बघा. एक कोरा पांढरा कागद खिडकीजवळ ठेवून चौकट भरेल असा फोटो घ्या, मग त्याच जागी काळं कापड ठेवून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा. कागद मळकट करडा, कापड विटकं करडं, आणि दोघं जणू एकाच थानातले. आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशननं कागदाला +१.३ स्टॉप देऊन बघा, कापडाला −१.३. कागद पांढरा होतो, कापड काळं.

चेहरे ओळखणारे आणि चौकटीचे तुकडे पाडून मोजणारे आजचे मीटर बरेच शहाणे झाले आहेत हे खरं. तरीही मागून ऊन असलेलं मांजर, बर्फ, धुकं, काळोख्या मंचावर एकटाच उजेडात उभा असलेला माणूस, यातला कोणता भाग तुम्हाला महत्त्वाचा वाटतो ते त्यांना कसं कळणार? ते सांगायची मूठ म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. तुम्ही ‘ए’ मोडमध्ये (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता) असाल तर ती फिरवल्यावर कॅमेरा शटर स्पीड बदलतो, ‘एस’ मोडमध्ये (शटर स्पीड तुम्ही ठरवता) असाल तर अ‍ॅपर्चर, आणि आयएसओ ऑटोवर असेल तर तोही. बदल कशात करायचा ती चिंता त्याची, किती करायचा ती तुमची. बाकी सगळं कॅमेऱ्यावर सोपवणाऱ्या माणसानंही ही एक मूठ आपल्या हातात ठेवावी असं माझं ठाम मत आहे. म्हणून टेबलावरची पहिली जागा हिची. मी तिला अंगठ्याखालचं चक्र दिलं, कारण अंगठा तिथे आधीपासूनच विसावलेला असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सेटिंग कॅमेरा बंद करून सुरू केला तरी तशीच राहते. काल संध्याकाळी दिलेलं −२ आज सकाळी सगळे फोटो काळवंडवतं. पडद्याच्या खालच्या कडेला असलेल्या त्या छोट्या आकड्यावर नजर टाकायची सवय लावून घ्या.

कडीला काय द्यायचं

इथे माझं बऱ्याच अनुभवी लोकांशी पटत नाही. ते म्हणतात, लेन्सभोवतीची कडी म्हणजे अ‍ॅपर्चरची हक्काची जागा; जुन्या लेन्सवर तिथेच तर असायचं. दिसायला आणि फिरवायला ते छानच वाटतं. पण लहान सेन्सरवर अ‍ॅपर्चर फिरवायला जागाच किती असते ते बघा.

‘१ इंच’ म्हणून विकला जाणारा सेन्सर मुळात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. इंचाचा आणि त्याचा संबंध जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या मापाशी आहे. नळ्या इतिहासजमा झाल्या, माप चिकटून राहिलं. या एवढ्याशा तुकड्यावर २० मेगापिक्सेल बसवले की एक पिक्सेल सुमारे २.४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद होतो. आता प्रकाश लहान भोकातून गेला की कडांना वळून पसरतो आणि एका बिंदूची बारीक चकती होते. एफ/४ ला, म्हणजे भोकाचा आकडा ४ असताना, ती चकती साधारण ५.४ मायक्रॉनची असते, म्हणजे दोन-सव्वादोन पिक्सेलांवर पसरलेली. एफ/८ ला १०.७ मायक्रॉन, चार पिक्सेलांहून जास्त. चित्र मऊ पडायला लागतं, आणि कितीही महाग लेन्स लावली तरी यातून सुटका नाही.

पहिल्या आरएक्स१०० ची लेन्स झूम न करता एफ/१.८ पर्यंत उघडते, पूर्ण झूम केल्यावर एफ/४.९ पर्यंतच. म्हणजे झूमच्या टोकाला एफ/४.९ ते एफ/८ एवढीच कामाची पट्टी उरते, जेमतेम दीड स्टॉप. शिवाय लहान सेन्सरवर मागचं दृश्य धूसर करायला अ‍ॅपर्चरचा उपयोगही बेताचाच. म्हणून मी अ‍ॅपर्चर खणात टाकलं आणि कडीला दिला पायऱ्यांचा झूम. कडी वळवली की लेन्स २८, ३५, ५०, ७०, १०० अशा फोकल लांबीच्या ठरलेल्या टप्प्यांवर थांबते; आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ. शटरभोवतीच्या दांडीनं झूम केला की लेन्स जिथे थांबेल तिथे थांबते आणि आपण चौकट जमेपर्यंत मागेपुढे करत राहतो. टप्पे ठरले की डोक्यात आधीच चौकट दिसते: इथून ३५ ला दार पूर्ण येईल, ५० ला फक्त चौकटीतला माणूस.

तुमचा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा आणि एकाच फोकल लांबीचा असेल, फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेसारखा, तर ही सगळी वकिली रद्द. तिथे झूमच नाही, सेन्सर एपीएस-सी, लेन्स एफ/२. अ‍ॅपर्चर कडीवरच शोभतं, आणि तिथे ते बसवूनच येतं.

फोकस: अर्ध्या दाबातली दोन कामं

शटरचं बटण अर्धं दाबलं की बहुतेक कॅमेरे एकदम दोन कामं करतात: फोकस लावतात आणि एक्स्पोजरही तिथल्या तिथे थिजवतात. नेहमी ते सोयीचं असतं. गडबड होते ती तुम्हाला फोकस एकीकडे आणि उजेडाचं मोजमाप दुसरीकडे हवं असतं तेव्हा. खिडकीत बसलेला माणूस घ्या: फोकस त्याच्या डोळ्यावर हवा, पण खिडकीबाहेरचं आकाश पांढरंफेक व्हायला नको. यासाठी ‘एईएल’, म्हणजे एक्स्पोजर थिजवून ठेवणारं कुलूप, असतं. ते एखाद्या बटणाला दिलंत की आकाशाकडे कॅमेरा वळवून बटण दाबायचं, मोजमाप गोठलं, मग माणसावर फोकस करून फोटो. मेनूत त्याचे दोन प्रकार दिसतील: दाबून धरेपर्यंत, किंवा एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत. छोट्या कॅमेऱ्यावर दुसरा प्रकार घ्या. बटण दाबून धरलेल्या अंगठ्यानं बाकी काहीच करता येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे फोकसचं काम शटरवरून काढून पूर्णपणे अंगठ्याकडच्या बटणाला देणं. कॅननच्या फिल्म कॅमेऱ्यांत ही सोय १९८९ पासून आहे आणि खेळ किंवा पक्षी टिपणारे तिच्यावर जीव टाकतात. मी महिनाभर वापरून सोडली. जड कॅमेऱ्याला खोलगट मूठ असते, त्यामुळे अंगठा मोकळा राहतो. गुळगुळीत खोक्यासारख्या छोट्या कॅमेऱ्यावर अंगठाच तर तो खोका धरून असतो. त्याला काम लावलं की पकड सुटते आणि फोटो हलतो.

त्यापेक्षा फोकसची चौकट हलवायची सोय जवळ ठेवा. चौकट ‘वाइड’वर असेल तर कॅमेरा बहुधा त्याला सगळ्यात जवळची वा ठळक वाटणारी वस्तू पकडतो, आणि कुंपणामागचं फूल टिपताना कुंपण मिळतं. ‘फ्लेक्सिबल स्पॉट’ लावून मागच्या चक्राच्या मधल्या बटणाला चौकट हलवायचं काम द्या: बटण, दोनदा उजवीकडे, फोटो. टच स्क्रीन असेल तर बोट लावलं की झालं, मग हे बटण दुसऱ्या कामाला मोकळं.

फोकस शोधण्याचा वेळच वाचवायचा असेल तर रिकोच्या जीआर कॅमेऱ्यांत एक सुंदर युक्ती आहे, स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा २.५ मीटर. मग शटर अर्ध्यावर न थांबता एका झटक्यात पूर्ण दाबलं की कॅमेरा काही शोधत बसत नाही, थेट त्या अंतरावर फोटो घेतो. यातल्या जीआर ३ ची लेन्स १८.३ मिलिमीटरची. एफ/८ ला २.५ मीटरवर लावली तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. दुसऱ्या कॅमेऱ्यांतही मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर लावून ही नक्कल करता येते. फक्त कॅमेरा बंद केल्यावर ते अंतर लक्षात राहतं का ते तपासा, सगळ्यांत राहत नाही.

आयएसओला रखवालदार नेमा

आयएसओ मी बटणावरून काढला तो ऑटो आयएसओ नीट लावल्यावर. नुसतं ‘ऑटो’ करून भागत नाही. त्याच्या पोटात दोन आकडे असतात. एक, वरची मर्यादा. १ इंच सेन्सरवर मी ३२०० ठेवते. त्यापुढचे फोटो मला दाणेदार वाटतात, तुमची सोसण्याची ताकद वेगळी असू शकते. दोन, किमान शटर स्पीड, आणि खरी गंमत यात आहे.

हात हलल्यामुळे होणारी धूसरता आणि समोरचा माणूस हलल्यामुळे होणारी धूसरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी जुना नियम असा की शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लांबी इतका तरी असावा. १०० च्या झूमला १/१००. स्टॅबिलायझर हा नियम बराच सैल करतो आणि त्या भरवशावर कॅमेरा १/३० सुद्धा खुशाल निवडतो. पण स्टॅबिलायझर तुमच्या हाताला आवरतो, समोरच्या मुलाला नाही. १/३० ला टेबल ठसठशीत येतं आणि त्यावर हात आपटणारं मूल धुरासारखं. बोलणारी, हातवारे करणारी माणसं असतील तर किमान १/१२५, पळणारं काही असेल तर १/५००. हा आकडा एकदा लावला की उजेड कमी झाल्यावर कॅमेरा शटर मंद करण्याआधी आयएसओ वर चढवतो. थोडा दाणेदार पण स्पष्ट फोटो मला गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही चालतो.

किमान शटर स्पीडची सोय नसलेले छोटे कॅमेरेही आहेत. त्यांच्यात ‘एस’ मोडमध्ये १/१२५ लावून, आयएसओ ऑटो ठेवून जवळपास तेच साधतं.

एकाच कॅमेऱ्यात तीन कॅमेरे

मोड डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ किंवा एमआर अशी अक्षरं असतील तर ती तुमच्या कॅमेऱ्यावरची सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात कामाची जागा आहे. आत्ता कॅमेरा ज्या अवस्थेत आहे तिचं संपूर्ण गाठोडं तिथे बांधून ठेवता येतं: मोड, आयएसओच्या मर्यादा, फोकसचा प्रकार, सलग फोटो, मीटरिंग, रंगाची शैली. आधी सगळं हवं तसं लावायचं, मग मेनूत जाऊन ‘रजिस्टर’ किंवा ‘मेमरी’ म्हणायचं आणि क्रमांक निवडायचा. क्रम उलटा नको. आधी सी१ वर जाऊन तिथे बदल करत बसलात आणि नोंदवायचं विसरलात, तर कॅमेरा बंद होताच बरेच कॅमेरे ते बदल पुसून टाकतात.

हे पुसणं पहिल्यांदा चीड आणतं. मी तर कॅमेरा बिघडला असं धरूनच चालले होते. पण ती चूक नसून सोय आहे. सी१ वर कितीही उचापती करा, बंद करून सुरू केलात की तो पुन्हा ओळखीच्या जागी उभा. मांजराला दिलेलं +१.३ दुसऱ्या दिवशी डोकं वर काढत नाही. म्हणून मी आता रोजचा वापरही ‘ए’ वर न करता सी१ वरच करते.

माझी दोन गाठोडी अशी. सी१ मध्ये ‘ए’ मोड, एफ/४, ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, किमान शटर १/१२५, एका वेळी एक फोटो, फोकसची चौकट मधोमध. सी२ धावपळीसाठी: ‘एस’ मोड, १/५००, आयएसओची मर्यादा ६४००, फोकस सतत पाठलाग करणारा म्हणजे एएफ-सी, सलग फोटो, चौकट मोठी. मुलं अचानक पळायला लागली की यातल्या पाच गोष्टी एकेक करून बदलायच्या म्हटलं तर ती दमून बसेपर्यंत माझं बदलणं चालू राहील. डायलची एक टकटक आणि पाचही बदललेल्या. तिसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. ती भरलीच पाहिजे असं काही नाही, आणि सी३ मध्ये काय ठेवलं होतं ते आठवावं लागत असेल तर ते न ठेवल्यातच जमा.

करड्या पडलेल्या ओळी

मेनूत एखादी ओळ फिकट झालेली असते आणि कितीही दाबलं तरी उघडत नाही. कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच पानावर बसलेलं असतं. पूर्ण ऑटो मोडमध्ये अर्धी सेटिंग्ज बंद असतात, कारण ती ठरवणं हेच ऑटोचं काम. ‘एम’ मोडमध्ये शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर तुम्हीच ठरवता; तिथे आयएसओसुद्धा हातानं लावला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला फिरवायला काही उरतच नाही. रॉ फाइल चालू असेल तर चित्राला खेळण्यासारखं किंवा जुन्या फोटोसारखं करणारे इफेक्ट आणि डिजिटल झूम अनेक कॅमेऱ्यांत गप्प होतात. रॉ म्हणजे सेन्सरनं टिपलेला कच्चा माल, आणि हे इफेक्ट तयार चित्रावर होणारे संस्कार. कच्च्या मालावर ते करायचे कुठे?

व्हाइट बॅलन्सचा निकालही इथेच लागतो. रॉमध्ये तो नुसती चिठ्ठी म्हणून सोबत जातो, नंतर संगणकावर हवा तसा बदलता येतो, म्हणून रॉवाल्यांनी तो थेट माळ्यावर टाकावा. जेपेग काढणाऱ्यांच्या बाबतीत रंग चित्रातच मुरतो, त्यांनी तो खणात ठेवावा. फक्त एक ध्यानात असू द्या: रॉ काढत असलात तरी पडद्यावर दिसणारं चित्र आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचं प्रमाण दाखवणारा आलेख) बहुतेक कॅमेऱ्यांत जेपेगवरूनच बनतो. भडक शैली लावली असेल तर आकाश जळाल्याचं तो उगाचच ओरडून सांगतो. मी शैली साधी, कॉन्ट्रास्ट कमी ठेवते.

माळ्यावर टाकायच्या वस्तू

फोकस लागल्यावरचा पीप आवाज बंद करा. फोकससाठी पेटणारा नारिंगी दिवा बंद. अंधारात तो समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो आणि सहज भाव तिथेच मरतो. फोटो काढल्यावर दोन सेकंद तोच फोटो दाखवणारा ‘रिव्ह्यू’ बंद, कारण त्या दोन सेकंदांतच समोर पुढचा क्षण घडत असतो. डिजिटल झूम बंद. ही सगळी दहा मिनिटांची कामं.

लाल व्हिडिओ बटणाबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. माझ्या कॅमेऱ्यात ते अंगठा जिथे टेकतो त्याच कोपऱ्यात होतं. एका सहलीत फोटो काढून मी कॅमेरा बंद न करता गळ्यात सोडला, वर जॅकेटची चेन लावली. घरी आल्यावर कार्डात जॅकेटच्या आतल्या अंधाराचा भलामोठा व्हिडिओ सापडला, सोबत माझ्या धापा टाकण्याचा आवाज, आणि बॅटरी दुपारीच का मेली त्याचं उत्तर. ‘मूव्ही बटण: फक्त मूव्ही मोडमध्ये’ अशी ओळ मेनूत असेल तर आजच लावा. काही कॅमेऱ्यांत त्या बटणाला दुसरंच काम देता येतं. मग ती हाताखालची चौथी जागा झाली असं समजा.

मांडणी झाली की ती निदान महिनाभर बदलू नका. बोटं हळू शिकतात. पहिल्या आठवड्यात चक्र फिरवताना मी दर वेळी उलट्या दिशेला जात होते, दुसऱ्यात निम्म्या वेळा. रात्री दिवा मालवून, कॅमेरा हातात धरून +१ लावायचं आणि मग पडदा बघायचा, असा खेळ मी काही दिवस केला. चक्राला टकटक जाणवते, एका टकटकीला एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे तीन टकटकींना एक.

शेवटचं काम फोनचं. कॅमेऱ्याच्या मेनूचं प्रत्येक पान, कस्टम बटणांची यादी आणि सी१, सी२ मधले आकडे यांचे फोटो फोननं काढून ठेवा. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली प्रणाली, अपडेट करताना किंवा दुरुस्तीहून परत येताना कॅमेरा कधीकधी कोरा होऊन येतो. माझा आला होता. त्या वेळी हे फोटो नव्हते, आणि सी२ मध्ये सलग फोटोंचा वेग कोणता ठेवला होता ते मला अजून आठवलेलं नाही.